व्यवसायजन्य फुप्फुसविकारांची वेळीच ओळख व्हावी: सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

नागपूर जिल्ह्यात सावनेर-उमरेडच्या कोळसा खाणी, मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणी, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रे आणि हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने आहेत. तिथे राबलेल्या माणसाला दम लागला, की सरकारी दवाखान्यात पहिली शंका क्षयाची घेतली जाते. ती घ्यायलाच हवी, कारण दगड-वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने क्षयाचा धोकाही वाढतो. मात्र थुंकीत जंतू सापडत नाहीत, सीबीनॅट ही क्षयाची जनुकीय चाचणी निगेटिव्ह येते, तरी एक्स-रेवरचे डाग पाहून औषधे सुरू होतात. सहा महिन्यांचा कोर्स संपतो आणि दम तसाच राहतो. केस पेपरवर व्यवसायापुढे 'मजुरी' एवढेच असते. तो क्रशरवर होता, फाउंड्रीत वाळूचे साचे फोडत होता की खाणीत ड्रिल चालवत होता, आणि किती वर्षे, हे कुणी विचारलेलेच नसते. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बहुधा दहा-वीस वर्षांनी उघड होतो आणि तोवर माणूस कुठे तरी चौकीदारीला लागलेला असतो, म्हणून आधीची सगळी कामे विचारावी लागतात.

हा आजार बरा होत नाही, पण वेळीच ओळखला तर माणसाला धुळीतून बाहेर काढता येते. शिवाय निदान कागदावर आल्याशिवाय कामगार भरपाईच्या कायद्याखाली भरपाई मागायची तरी कशाच्या आधारावर? कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 89 ने अशा रुग्णाची माहिती मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकली होती आणि त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही ती आहे. राजस्थानने 2019 मध्ये स्वतंत्र धोरण आणून प्रमाणित रुग्णाला तीन लाख रुपयांची मदत देऊ केली. आपल्याकडे प्रमाणपत्रापर्यंत पोहोचण्याची वाटच रुग्णाला कुणी दाखवत नाही, हे मला अक्षम्य वाटते.

प्राथमिक आरोग्य केंद्रापासून पुढे प्रत्येक जुनाट खोकल्याच्या रुग्णाचा कामाचा इतिहास केस पेपरवर लिहिणे बंधनकारक करावे. शंका आल्यास तोच इतिहास जोडून रुग्णाला नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या छातीरोग विभागाकडे पाठवावे, तिथे स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, व्हावी आणि एक्स-रे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रमाण चित्रांशी ताडून वाचला जावा. ही महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, कारखाने कामगार विभागाकडे आणि खाणी केंद्राकडे असल्यामुळे एकट्या आपल्या परिपत्रकाने काम भागणार नाही. तिन्ही ठिकाणी पत्रव्यवहार आपल्या कार्यालयातून सुरू व्हावा आणि नागपूर जिल्ह्यापासून अंमलबजावणी व्हावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, नागपूर