बदल सोपा, चाळणी अवघड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस पडला की ल्युकोनोस्टॉक जिवाणू त्यातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतात. रस चिकट होतो, साखरेचे दाणे लांबट पडतात. यावर डेक्स्ट्रानेज हे एन्झाइम रसात टाकतात, पण रस तापत गेला की ते निकामी होते. ते उष्णतेला टिकाऊ करण्याचा प्रकल्प सांगली-कराडच्या जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जरूर घ्यावा. त्याची पद्धत म्हणजे निर्देशित उत्क्रांती, म्हणजे जनुकात मुद्दाम चुका घडवून त्यातले सरस एन्झाइम फेरीफेरीने निवडत जाणे; २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा फ्रान्सेस अरनॉल्ड यांना तिच्यासाठीच मिळाला.

जनुकात चुका घडवणे सोपे. जनुकाच्या नकला काढायला टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम घ्यावे. चुका दुरुस्त करणारे पॉलिमरेज इथे चालत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड ७ मिलिमोलर, डीएनएच्या विटांपैकी डीसीटीपी व डीटीटीपी प्रत्येकी १, डीएटीपी व डीजीटीपी ०.२, मँगनीज क्लोराइड ०.१ ते ०.५ मिलिमोलर. मँगनीज अगदी शेवटी, पॉलिमरेजच्या जरा आधी आणि ढवळत टाकावे, नाहीतर साका बसतो. प्रथिनात एक-दोन बदल पुरेत. जास्त झाले की बहुतेक क्लोन (एकेक बदललेले जनुक घातलेल्या पेशींच्या वसाहती) निकामी निघतात. आठ-दहा क्लोनचे सिक्वेन्सिंग करून हे प्रमाण आधीच पाहावे.

घोडे अडते ते चाळणीत, म्हणजे क्लोनमधून सुधारलेला शोधण्यात. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये निदान आठ खळग्यांत मूळ एन्झाइमच ठेवावे आणि त्यांची आपापसांतली तफावत पाहावी. ती वीस टक्के असेल, तर पंधरा टक्क्यांची सुधारणा दिसणार कशी? कडेचे खळगे लवकर सुकतात. तिथले 'विजेते' बहुधा खोटे असतात. मूळ एन्झाइमची साधारण तृतीयांश क्रिया उरेल इतकेच तापवावे. तापवण्याआधीची आणि नंतरची क्रिया मोजून त्यांचे गुणोत्तर घ्यावे. नुसती नंतरची मोजली, तर जास्त प्रथिन बनवणारा क्लोनच निवडला जातो.

बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टिकलेले एन्झाइम रसात टिकेलच असे नाही. मिश्र रसाचा सामू साडेपाचच्या आसपास असतो, म्हणून तापवणे रसातच करावे. मात्र रसात मुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज असल्याने त्यात थेट डीएनएस चाचणी (अशाच साखरा मोजणारी) फसते. तापवलेल्या रसातला थोडासा भाग डेक्स्ट्रान असलेल्या बफरमध्ये घ्यावा आणि डेक्स्ट्रानविना घेतलेले वाचन वजा करावे.

निवडलेल्या क्लोनचा प्लाझ्मिड (जनुक वाहणारे डीएनएचे कडे) नव्या पेशींत घालून पुन्हा तपासल्याशिवाय पुढची फेरी सुरू करू नये. रस मात्र हंगामातच आणून छोट्या नळ्यांत उणे २० अंशांवर गोठवून ठेवावा. मे महिन्यात गाळप बंद असते.

आपला,
एक वाचक, सांगली