वेदनाशामक लेसर उपकरणाबाबत तक्रार व पैसे परत करण्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

महोदय,

आपल्या कंपनीचे हातात धरून वापरायचे लेसर उपकरण मी पत्नीसाठी मागवले. ती शिवणकाम करते. वर्षानुवर्षे मशीनवर मान खाली घालून बसल्याने तिची मान आणि खांदे आखडलेले असतात, दाबले की गाठी हाताला लागतात. फिजिओथेरपिस्टकडे लेसर उपचार घेतला की तिला उतार पडतो, पण हातातली कामे टाकून सारखे जाणे जमत नाही. ‘क्लिनिकमधला लेसर आता घरच्या घरी’ ही आपली जाहिरात पाहून उपकरण घेतले. महिनाभर नेमाने वापरूनही तिळमात्र फरक नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने ‘प्रत्येकाची प्रकृती वेगळी’ असे सांगून माझी बोळवण केली. प्रकृतीचे राहू द्या, आकड्यांचे बोलू. मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. बॅटरीच्या झाकणाआड एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 650 नॅनोमीटर (प्रकाशाची तरंगलांबी), 5 मिलिवॉट (शक्ती). हे आकडे ना खोक्यावर, ना जाहिरातीत. पत्रक सांगते, दुखऱ्या जागी एक मिनिट धरा. 5 मिलिवॉट गुणिले 60 सेकंद म्हणजे 0.3 ज्यूल ऊर्जा. फिजिओथेरपिस्टकडचे यंत्र 100 मिलिवॉटचे. तेवढ्याच वेळात ते 6 ज्यूल देते. वीसपट! शिवाय त्याचा प्रकाश 808 नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. तो स्नायूंपर्यंत जास्त आत पोहोचतो. आपल्या उपकरणाचा लाल प्रकाश बराचसा वरच्या वरच जिरतो.

वर पत्रकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2009 च्या आढाव्याचा हवाला! तो आढावा खरा आहे. मानदुखीवरच्या 16 चाचण्या, 820 रुग्ण, आणि जुनाट दुखण्यात उपचारानंतर 22 आठवड्यांपर्यंत आराम. पण गुण देणाऱ्या मात्रा त्यात दिल्या आहेत: 820 ते 830 किंवा 904 नॅनोमीटर, आणि दर बिंदूला किमान 0.8 ज्यूल. आपले उपकरण यातल्या एकाही अटीत बसत नाही. लेसर उपचाराविषयी माझी तक्रार नाहीच. त्या संशोधनाच्या नावावर ही लाल बॅटरी विकली जाते, तक्रार त्याची आहे.

पत्रक म्हणते, गुण यायला चार आठवडे लागतील. माल परत घेण्याची मुदत मात्र सात दिवस. या दोन्ही अटी एकाच माणसाने लिहिल्या असतील तर त्याच्या हुशारीला दाद द्यायला हवी.

किरण डोळ्यांत जाऊ देऊ नये, ही सूचना मराठीत किंवा हिंदीत कुठेच नाही. घरात लहान नातू आहे. उपकरण आता कपाटात कुलपात ठेवले आहे.

तरी उपकरणाची पूर्ण किंमत पाठवणी खर्चासह 15 दिवसांत परत करावी, ते आपल्या खर्चाने घेऊन जावे आणि क्लिनिकशी बरोबरी सांगणारी जाहिरात मागे घ्यावी. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 नुसार घेतलेल्या परवान्याचा क्रमांकही कळवावा. खोक्यावर तो मला सापडला नाही. उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

पावती, पत्रक आणि झाकणाआडच्या चिठ्ठीचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक, सांगली