सईच्या वकिलीच्या शिक्षणाविषयी आई-बाबांना पत्र

सिंगापूर

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबांचे पत्र आणि सोबत पाठवलेले वर्तमानपत्राचे कात्रण मिळाले. आशियातल्या नामांकित विधी महाविद्यालयांची यादी वाचून सईला बारावीनंतर सिंगापूरला माझ्याकडे पाठवावे, बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची तयारी करायला लावावी, की पुण्यातच ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. ताईनेही फोनवर हेच विचारले होते, पण फोनवरच्या अर्ध्यामुर्ध्या उत्तराने भागण्यासारखी ही गोष्ट नाही. तुमच्या नातीच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा हा प्रश्न आहे आणि कायद्याचे शिक्षण हाच माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, म्हणून मला जे दिसते ते सविस्तर लिहिते.

अशा याद्या करताना प्रामुख्याने प्राध्यापकांमधला लौकिक, नोकरी देणाऱ्यांचे मत आणि शोधनिबंधांचा इतरांनी केलेला उल्लेख या गोष्टी मोजल्या जातात. त्यामुळे सिंगापूरचे राष्ट्रीय विद्यापीठ, टोकियो, सोल, पेकिंग, त्सिंगहुआ आणि हाँगकाँग ही नावे आलटून पालटून वरच्या ओळींत येतात, आणि ती संस्था म्हणून खरोखरच मोठी आहेत. परंतु त्या संस्थेत कोणाच्या मुलांना पाऊल ठेवता येते, आणि तिथून बाहेर पडलेला विद्यार्थी न्यायालयात अशिलाच्या बाजूने उभा राहतो का, हे यादी सांगत नाही. वैद्यकाचे किंवा अभियांत्रिकीचे ज्ञान सीमेपलीकडे पुष्कळसे तसेच उपयोगी पडते. कायद्याचे ज्ञान मात्र त्या त्या देशाच्या न्यायालयाशी, भाषेशी आणि वहिवाटीशी बांधलेले असते. म्हणून कायद्याच्या शाळेकडे पाहताना मी आधी तिच्या दोन्ही दारांकडे पाहते, आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या.

मी राहते त्या सिंगापूरपासूनच सुरुवात करते. येथे १९५७ पर्यंत विद्यापीठात कायदा शिकण्याची सोय नव्हती. वकील होण्यासाठी बोटीने लंडन गाठावे लागे आणि ते थोड्याच घरांतल्या मुलांना परवडे. त्या वर्षी तेव्हाच्या मलाया विद्यापीठात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या मूळ संस्थेत, येथे कायद्याची पहिली तुकडी दाखल झाली आणि १९६१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली. त्याच तुकडीतले टॉमी कोह पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यावरील परिषदेचे अध्यक्ष झाले आणि चान सेक केओंग देशाचे सरन्यायाधीश झाले. वर्गात शिकवण्याची पद्धत बाबांना फार आवडेल. निकालपत्र आदल्या दिवशी वाचून यायचे असते, प्रत्येकाच्या पुढ्यात नावाची पाटी असते, आणि शिक्षक एकाचे नाव घेऊन आधी साधेच प्रश्न विचारतात: दावा कोणी लावला, त्याला नेमके काय हवे होते, खालच्या न्यायालयाने काय ठरवले. मुलगा उत्तर देऊन स्थिरावतो न स्थिरावतो तोच शिक्षक एक वस्तुस्थिती बदलतात. समजा नोटीस मिळालीच नव्हती, तर? मग ज्या तत्त्वावर तो इतका वेळ विसंबून होता ते टिकते की कोसळते, हे सर्वांसमोर त्यालाच शोधून काढावे लागते. बाबा, चांगला वकील उलटतपासात साक्षीदाराला जसा पायरीपायरीने पुढे नेतो असे तुम्ही सांगत असा, तसेच ते असते, फक्त हेतू पाडण्याचा नसून घडवण्याचा असतो.

तरीही याच शहरात दुसऱ्या एका शाळेकडे माझे लक्ष अधिक जाते, आणि ती तुमच्या कात्रणात नाही. मोठमोठ्या फर्ममध्ये वकील भरपूर, पण घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा आणि फौजदारी खटले चालवणारे अपुरे, हे लक्षात आल्यावर सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ सोशल सायन्सेसमध्ये २०१७ साली मुख्यतः याच कामासाठी विधी शाळा सुरू झाली. तिथे प्रवेश देताना वयाने मोठ्या, अनुभव असलेल्या माणसांना प्राधान्य मिळते. समाजसेवक, पोलीस खात्यात काम केलेले लोक, वकिलांच्या कचेरीतले कर्मचारी नोकरी सांभाळून शिकू शकतात. देशाला कोणत्या वकिलांची उणीव आहे हे आधी पाहून मग शाळा काढली, हे मला फार मोलाचे वाटते.

जपानचा अनुभव वेगळा आणि वेदनादायक आहे. तिथली होसेई, मेईजी, चुओ ही आजची मोठी विद्यापीठे १८८० ते १८८५ या काळात कायदा शिकवणाऱ्या खासगी शाळा म्हणूनच जन्माला आली. मात्र वकिलीची परीक्षा इतकी कठीण ठेवली गेली की शंभरांत दोन-तीनच उत्तीर्ण होत आणि बाकीचे वर्षानुवर्षे शिकवणीवर्गांत झिजत. यावर उपाय म्हणून २००४ मध्ये पदवीनंतरच्या स्वतंत्र विधी शाळा सुरू केल्या. बहुसंख्य विद्यार्थी उत्तीर्ण होतील आणि दर वर्षी ३,००० नवे विधिज्ञ तयार होतील, असे सांगितले गेले. पाहता पाहता ७४ शाळा उभ्या राहिल्या, पण परीक्षेचे दार त्या प्रमाणात उघडलेच नाही. उत्तीर्णांचे प्रमाण घसरत घसरत चौथ्या हिश्श्याच्या आसपास आले, निम्म्याहून अधिक शाळांनी प्रवेश थांबवले, आणि पहिल्या वर्षी ७०,००० हून अधिक असलेले अर्ज २०१८ पर्यंत ८,००० च्या आसपास आले. पाच वर्षांच्या मुदतीत जो उत्तीर्ण होत नाही त्याला पुन्हा बसता येत नाही, त्यामुळे कर्ज काढून शिकलेली, तिशी ओलांडलेली मुले रिकाम्या हाताने उभी राहिली. शिक्षणाचे दार रुंद करून व्यवसायाचे दार अरुंद ठेवले तर त्या दोहोंमध्ये माणसेच चिरडली जातात, हे जपानने दाखवले.

दक्षिण कोरियाने हे पाहून २००९ मध्ये आपल्या विधी शाळा सुरू करताना २५ च शाळांना परवानगी दिली आणि एकूण जागा २,००० वर बांधून ठेवल्या. त्यापूर्वी तिथे न्यायसेवेची एकच राष्ट्रीय परीक्षा असे आणि तिला बसण्यासाठी दीर्घकाळ पदवीचीही अट नव्हती. रोह मू-ह्यून हे शेतकरी घरातले, व्यापारी शाळेत माध्यमिक शिक्षण झालेले, महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेले गृहस्थ १९७५ मध्ये ती परीक्षा उत्तीर्ण झाले, न्यायाधीश झाले, नंतर मजुरांचे आणि विद्यार्थ्यांचे खटले चालवणारे वकील झाले आणि २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, २००७ मध्ये, विधी शाळांचा कायदा संमत झाला आणि त्यानुसार ती जुनी परीक्षा २०१७ अखेर कायमची बंद झाली. मी कामानिमित्त सोलला गेले होते तेव्हा सिल्लिम-दोंग भागात ही परीक्षा देणाऱ्यांची जुनी वस्ती पाहून आले. एका इमारतीत मालकिणीने खोली उघडून दाखवली. भिंतीला लागून टेबल, टेबलाखाली पाय जातील अशा रीतीने बसवलेला पलंग, डोक्यावर पुस्तकांची एकच फळी, खिडकी नाही. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीच ती रुंदी. अशा खोल्यांत माणसांनी उमेदीची दहा-दहा वर्षे काढली. ती रीत बंद झाली हे बरेच झाले, असे खोली पाहताना वाटले. पण आजच्या विधी शाळेसाठी आधी चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षांची मोठी फी लागते, आणि त्यानंतरही वकिलीच्या परीक्षेत निम्मेच उत्तीर्ण होतात. गरीब घरातल्या मुलांसाठी राखीव जागा आणि शिष्यवृत्त्या आहेत, त्या चांगल्या आहेत, तरी पुस्तके मिळवून एकट्याने परीक्षेला बसण्याची वाट आता उरलेली नाही. तिथल्या लोकांत यावरून अजूनही तळमळ आहे आणि ती मला पूर्णपणे पटते.

या दोन देशांबद्दल मी इतके लिहिले, कारण आपल्याकडचा प्रश्न त्यांच्या आरशात स्पष्ट दिसतो. बंगळूरची शाळा १९८६ च्या कर्नाटकच्या कायद्याने स्थापन झाली, तिची पहिली तुकडी १९८८ मध्ये आली, आणि तिची घडी प्रा. माधव मेनन यांनी बसवली. बारावीनंतर सलग पाच वर्षे, कायद्याबरोबर इतिहास आणि अर्थशास्त्र, अभिरूप न्यायालये म्हणजे कल्पित खटल्यांचा सराव, गरिबांसाठी कायदेविषयक मदतीचे प्रत्यक्ष काम, हे सर्व त्यांनी अभ्यासक्रमाचा भाग केले. पुढे हैदराबाद, भोपाळ, कोलकाता आणि इतर राज्यांत त्याच धर्तीवर विद्यापीठे निघाली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे ती आहेत. कायद्याच्या शिक्षणाला जी प्रतिष्ठा आली ती या माणसामुळे आली, असे मी निःसंकोच म्हणेन. मात्र पहिली तुकडी १९९३ मध्ये बाहेर पडली तेव्हा खुल्या अर्थव्यवस्थेमुळे मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्म आणि कंपन्या हुशार मुले शोधतच होत्या, आणि पुष्कळसे गुणी पदवीधर तिकडे गेले. तालुक्याच्या न्यायालयाला त्यांतले फार थोडे मिळाले. दुसरे असे की २००८ पासून घेतली जाणारी क्लॅट ही सामायिक प्रवेश परीक्षा इंग्रजीतच होते आणि फीचा आकडा वर्षाला काही लाखांच्या घरात जातो. कोलकात्याच्या विधी विद्यापीठात शिकवणारे प्रा. शमनाद बशीर यांनी हे ओळखून २०१० मध्ये ‘इडिया’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि खेड्यापाड्यांतल्या, अंध-अपंग आणि गरीब मुलांना या परीक्षेसाठी तयार करण्याची व्यवस्था उभी केली. ते २०१९ मध्ये अकाली गेले. काम चालू आहे.

बाबांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाला आशियातले सर्वांत जुने म्हटले आहे. ते १८५५ चे, आणि आपल्याकडे तसे सांगतातही. फिलिपिन्समध्ये मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठात मात्र दिवाणी कायद्याची शाखा १७३४ पासून आहे. पण मुंबईच्या त्या महाविद्यालयाचा मोठेपणा वयावर अवलंबून नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले, आणि सकाळी वर्ग भरवून दिवसा नोकरी करणाऱ्यांनाही कायदा शिकू देण्याची रीत तिथे आणि इतरत्र वर्षानुवर्षे चालली. साताऱ्याच्या न्यायालयातले तुमचे कितीतरी सहकारी पहाटे उठून वर्गाला जात आणि अकराला बोर्ड, म्हणजे दिवसाच्या खटल्यांची यादी, लागण्यापूर्वी टेबलावर हजर असत, हे मी लहानपणी पाहिले आहे. आज जगाला तीच सोय नव्याने हवीशी वाटते आहे. पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ चे, न्या. गजेंद्रगडकर आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश तिथेच शिकले. त्यामुळे ‘पुण्यातच ठेवावे’ या तुमच्या शब्दांत जी थोडी हार मानल्याची छटा आहे ती मला मुळीच मान्य नाही.

भूतानचे एवढेच सांगते की तिथे २०१७ पर्यंत विधी शाळाच नव्हती, मुले बहुतेक भारतात शिकून येत. आता त्यांची स्वतःची शाळा आहे आणि ती कोणत्याही यादीत वरच्या क्रमांकावर नसली तरी त्या देशासाठी तिचे मोल टोकियोपेक्षा अधिक आहे.

आता सईविषयी. तिला न्यायालयात उभे राहायचे आहे, असे ती मला नेहमी सांगते. तसे असेल तर पदवीसाठी तिने इकडे येऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी पदवीवर भारतात वकिलीची सनद मिळवायची तर ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली हवी आणि वेगळी पात्रता परीक्षाही द्यावी लागते. शिवाय येथे शिकवतात तो कायदा सिंगापूरचा. उच्च शिक्षणासाठी, चार-पाच वर्षे वकिली करून झाल्यावर, ती खुशाल यावी, माझे घर आहेच. तोवर तिने क्लॅट आणि राज्याची सीईटी या दोन्ही परीक्षा द्याव्यात. राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळाली तर आनंदाने जावे, फीचा भार मी आणि ताई मिळून उचलू. नाही मिळाली तर आयएलएस किंवा मुंबई, आणि त्याबद्दल घरात कोणी हळहळ करू नये. न्यायाधीश होण्याचा विचार पुढे मनात आला तरी २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने आता आधी तीन वर्षे वकिली करणे आवश्यक झाले आहे, तेव्हा न्यायालयाचा सराव कोणत्याही वाटेने गेले तरी लागणारच.

यात तुम्हा दोघांकडून मला मदत हवी आहे. बाबांनी, तिच्या महाविद्यालयाला सुट्टी आणि न्यायालय चालू असेल अशा एखाद्या दिवशी, तिला सोबत घेऊन जावे; सकाळच्या पुकाऱ्यापासून संध्याकाळच्या रोजनाम्यापर्यंत बसवावे, वकीलपत्र, कैफियत, सरतपास हे सारे प्रत्यक्ष दाखवावे. आईने, तिचे शिक्षण मराठी माध्यमात झाल्यामुळे, रोज एक इंग्रजी अग्रलेख तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्यातला युक्तिवाद मराठीत सांगायला लावावा. क्लॅटमध्ये उतारे वाचूनच उत्तरे द्यायची असतात आणि मुलांना शिकवण्याची आईची हातोटी कोणत्याही शिकवणीवर्गापेक्षा चांगली आहे. ती परीक्षा अलीकडे डिसेंबरमध्येच होते, तेव्हा अर्जाची तारीख ताईने आजच पाहून ठेवावी आणि मला कळवावी. गुडघ्याचे औषध आईने मध्येच सोडू नये.

तुमची,
मीना