खडकीहून, निघायच्या आधी

ती. आई-बाबा,

सा. न. परवा फोनवर आई रडवेली झाली आणि मी चिडून फोन ठेवून दिला, ते दोन दिवस मनाला लागून राहिलंय. बोलताना माझं नेहमी अर्धंच सांगून होतं म्हणून लिहितेय. बाबा, आईला वाचून दाखवा.

आई, तू म्हणालीस की परक्या देशातली, ऐंशी वर्षांपूर्वी दुसऱ्या महायुद्धात गेलेली माणसं, त्यांची विमानं शोधायला तू अरुणाचलात कशाला जातेस. खरं सांगू, हे सगळं सुरू झालं ते इथल्याच वॉर सिमेट्रीत. आपण फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा कितीदा तिच्यावरून गेलो असू पण आत कधी गेलोच नाही. मागच्या पावसाळ्यात गेले. सोळाशेच्या वर पांढऱ्या पाट्या आहेत, नाव, हुद्दा, तारीख, वय. वीस, बावीस, एकवीस असली वयं. तिथे उभी असताना वाटलं, यांना निदान पाटी तरी मिळाली. ब्रह्मदेशाच्या जंगलात नाहीतर समुद्रात जे विमानासकट गेले त्यातल्या कितीतरी जणांचं नुसतं नाव सिंगापूरला क्रांजीच्या भिंतीवर कोरलंय, बाकी काहीच नाही.

त्यातच 'हंप'बद्दल वाचायला लागले, हिमालयावरून जायच्या त्या हवाई वाटेला वैमानिक असं म्हणायचे. जपान्यांनी १९४२ मध्ये बर्मा रोड तोडला, मग अमेरिकन लोक चीनला पेट्रोल, दारूगोळा, औषधं सगळं विमानांनी आसामातल्या छबुआ, दिंजनसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून कुनमिंगला न्यायला लागले, रोज, तीन वर्षं. सुमारे सहाशे विमानं गेली त्यात. शत्रूने पाडली त्यापेक्षा हवेनेच जास्त खाल्ली, पंखांवर बर्फ साठायचा, वारा विमानाला रस्त्यावरून कुठल्या कुठे ढकलायचा, ढगात डोंगर दिसायचा नाही.

एक बी-२४ बॉम्बर २५ जानेवारी १९४४ ला कुनमिंगहून छबुआला परत येताना हरवलं, आठ जण होते आत. सापडलं २००६ मध्ये, अरुणाचलात दामरो गावाच्या वरच्या डोंगरात. शोधणारा क्लेटन कूल्स नावाचा अमेरिकन गिर्यारोहक, त्याने अशी वीसहून जास्त विमानं शोधलीत. पण मला विचाराल तर खरे शोधणारे तिथले शिकारी, त्यांना कुठल्या नाल्यात पत्रा पडलाय हे आधीपासून ठाऊक असतं, फक्त ते विमान कोणतं आणि त्यात कोण होतं हे कळायला मार्ग नसतो.

बाबा, आता हे तुमच्यासाठी. मार्ग असतो तो नंबरात! शेपटीवर नंबर रंगवलेला असायचा, १९४२ च्या ऑर्डरचं विमान म्हणजे कागदावर ४२ आणि पुढे आकडे, पण शेपटीवर रंगवताना पहिला ४ गाळायचे. रंग उडाला असेल तर इंजिनावरची पाटी बघायची, कारण विमान हरवलं की अमेरिकन लोक जो रिपोर्ट भरायचे त्यात इंजिनांचे आणि मशीनगनांचेसुद्धा नंबर लिहायचे. म्हणजे चिखलातून एक पाटी वाचता आली तरी विमान कळतं, विमान कळलं की माणसं कळतात, आणि कुठल्यातरी घरी फोन जातो. नंबर वाचल्याशिवाय पार्ट हातात घ्यायचा नाही हे तुम्ही मला आठवीत शिकवलंय, इन्स्पेक्शनचं ते सगळं मला आता रोज आठवतं.

मी काही उकरणार नाहीये, आई. हाडं दिसली तर हात लावायचा नाही, फोटो काढायचा, जागा टिपायची आणि सरकारी लोकांना कळवायचं, एवढंच. भाऊबीज करूनच निघणार, तेव्हा पाऊस संपलेला असतो. आम्ही तिघी आहोत, इनर लाइन परमिट आलंय, वाटाड्या गावातलाच आहे. आधी पासीघाटला २०२३ मध्ये झालेलं हंप म्युझियम बघणार, डोंगरातून आणलेले अवशेष तिथे ठेवलेत, मग वर जाऊन म्हाताऱ्या शिकाऱ्यांशी बोलणार.

आणि आई, सर्वपित्रीला तू एक पान जास्त वाढतेस ना, ज्यांची तिथी कोणाला माहीत नाही त्यांच्यासाठी. लहानपणी मी विचारलं होतं हे कोणाचं, तर तू म्हणालीस, कोणाचंही असेल, उपाशी जायला नको. मला यापेक्षा वेगळं काही सांगता येत नाही गं.

बाबा, तुमचं ते पितळी भिंग कपाटात वरच्या खणात असेल, काका रविवारी वाईहून येतायत त्यांच्याकडे द्या, पाट्यांवरचे ठोकलेले आकडे मोबाईलच्या फोटोत नीट येत नाहीत. पुसायचं कापड पण द्या सोबत. आईच्या गुडघ्याचं तेल मी त्यांच्याच हाती परत पाठवते.

तुमची,
मनू