हार्ड डिस्क उघडेना म्हणून लगेच फॉरमॅट?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझी हार्ड डिस्क उघडेचना, आईच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो त्यात, आणि स्क्रीनवर सारखं एकच, वापरायची तर आधी फॉरमॅट करा. जेल रोडला एका दुकानात नेली तर तो म्हणे मॅडम फॉरमॅट मारून देतो, डेटा गेला समजा. आईचा चेहरा बघवेना हो!

भाचा आला, त्याने आधी केबल बदलली, पोर्ट बदलून पाहिला, मग विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे जोडलेल्या डिस्क दाखवणारी खिडकी, उघडलं तर डिस्क दिसत होती पण एनटीएफएस (विंडोजची फायली मांडायची पद्धत) ऐवजी 'रॉ', म्हणजे मांडणी ओळखता येत नाही, असं लिहिलेलं. आमच्या डिस्कवर फायली जागेवरच होत्या, फक्त सुरुवातीचा बूट सेक्टर, म्हणजे मांडणीची माहिती असलेला छोटा भाग, खराब, आणि त्याची एक कॉपी विंडोज स्वतःच त्या पार्टिशनच्या (डिस्कच्या त्या कप्प्याच्या) शेवटी ठेवतं, हे मला तरी ठाऊक नव्हतं. टेस्टडिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने ती कॉपी पुढे आणून बसवली आणि पोळ्या होईतो फोटो उघडले पण!

भाचा म्हणाला, चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोय) घाईने चालवायची नाही, दुखण्यातल्या डिस्कवर ती उलट नुकसान करू शकते, आधी जमेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यायचं. आणि आतून टकटक आवाज आला तर सरळ बंद करून जाणत्या माणसाकडे न्यायची, घरी खटपट नको.

दुकानवाल्यांनी निदान एवढं तरी बघून मग फॉरमॅट म्हणावं. आम्ही आता दुसरी डिस्क घेतलीये, फोटो दोन्हीकडे.

– एक वाचक, इंदूर