फवारणीआधीची एक संध्याकाळ

महोदय,
चांदीपुरा विषाणूची साथ आली की वृत्तपत्रांतून तो पसरवणाऱ्या वाळूमाशीचे चित्र छापून येते आणि साथ ओसरली की ती माशी सर्वांच्याच विस्मरणात जाते. हिवताप विभागात कीटक समाहारक, म्हणजे तपासणीसाठी कीटक गोळा करणारा, म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या मला हे खटकते.

१९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला तो पुण्याच्याच संस्थेने, आज आपण जिला एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) म्हणतो तिने. पुढे औरंगाबादच्या वाळूमाश्यांतही तो सापडला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतील १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा उद्भवला. तापाने फणफणलेले मूल झटके येऊन एक-दोन दिवसांत हातचे जाते, आणि या आजारावर लस नाही की खास औषध नाही.

ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, पंख उभारून बसणारी. गोठ्याच्या कुडाच्या भेगेवर विजेरीचा झोत टाकला की ती भुर्रकन उडत नाही, टुणकन वीतभर बाजूला सरकते. तेवढ्या अवधीत चोषनळीने तिला अलगद आत ओढावे लागते. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखून माश्यांचे गट करायचे आणि ते अतिथंड ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचे. वाटेत थंडावा गेला, तर सारी मेहनत पाण्यात.

एका वाडीत आम्ही पोचलो, तेव्हा आदल्याच दिवशी घरोघर फवारणी उरकलेली होती. दोन संध्याकाळी फिरून हाती सात माश्या लागल्या, त्यांतही मादी एकच. आणि चावते ती मादीच. फवारणी लांबवा, असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण प्रश्न मुलांच्या जिवाचा असतो. परंतु पंप खांद्याला लावण्यापूर्वी, रुग्णाच्या घरात आणि शेजारच्या गोठ्यात तासभर माश्या गोळा करण्याइतकी सवड निश्चित काढता येते. तेवढी संध्याकाळ हुकली, तर त्या घरातील कोणत्या जातीच्या माशीत विषाणू होता, हे पुढे कितीही पथके धाडली तरी कळत नाही.

अतिशीत पेट्या घेऊन समाहारक फवारणी पथकासोबतच निघावा, एवढी तरतूद आरोग्य विभागाने येत्या पावसाळ्यापूर्वी करावी, ही विनंती.

– एक निवृत्त कीटक समाहारक, कोथरूड, पुणे