सूचना : शेजाऱ्यांशी येणं-जाणं

सेवाकार्यासाठी परदेशी राहणाऱ्या सर्व सभासदांना नमस्कार.

नव्या जागी सामान लावून झालं की पहिल्या आठवड्यातच शेजाऱ्यांना भेटून या. भाषा येत नसली तरी अडत नाही. नाव सांगा, त्यांचं विचारा आणि घरी येताच वहीत उच्चारासकट लिहून ठेवा. दुसऱ्या भेटीत नावाने हाक मारली की चेहरा कसा खुलतो, ते मी पाहिलंय.

जेवायला बोलावताना पथ्य, अ‍ॅलर्जी आधी विचाराच. त्यांनी बोलावलं तर कामाचं निमित्त सांगून टाळू नका. पाहुणचार घेणं हीसुद्धा सेवाच.

आणि कळकळीची विनंती : शेजाऱ्यांचे, विशेषतः त्यांच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय अहवालात किंवा ग्रुपवर टाकू नका. टाकले असतील तर आजच काढा.